मुलीची फाइल मुलीच्या हाती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी डॉक्टरीणबाई बोलतात, कोणी वकीलबाई बोलतात. माझे शिक्षण सातवीचे. त्यामुळे यंदा माझे नाव निघाले तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची थोरली लग्न होऊन अमेरिकेला गेली. तिचे इथले सगळे कागद तुम्ही जमवलेत. मंडळातल्या तीन-चार घरांत आता तसलीच स्थळे चालून येत आहेत. तुम्ही काय केलेत तेवढे सांगा, म्हणजे झाले." मग मी हो म्हटले. अनारसे तुपात का हसतात हे तळणारणीलाच ठाऊक असते. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

प्रथम ग्रीन कार्ड म्हणजे काय ते सांगते, कारण नाव सगळ्यांच्या तोंडी असते, अर्थ थोड्यांना ठाऊक असतो. ते नागरिकत्व नव्हे. अमेरिकेत कायम राहण्याची आणि तिथे नोकरीधंदा करण्याची परवानगी ज्या माणसाला मिळाली, त्याचे ते ओळखपत्र. पूर्वी ते हिरव्या रंगाचे असे, म्हणून ते नाव पडले. लग्न लागले की ते आपोआप मिळते, ही समजूत साफ चुकीची आहे. आपल्याकडचे लग्न भटजी लावतात, आणि त्याचा मुहूर्त पंचांगात सापडतो. हे दुसरे लग्न तिकडचे सरकार कागदांवर लावते. त्याचा मुहूर्त आधी कोणालाच सांगता येत नाही.

तेव्हा स्थळ आले की पहिला प्रश्न असा विचारावा: मुलगा तिथे कोणत्या नात्याने राहतो? पगार किती, घर स्वतःचे का, गाडी कोणती, हे आपण खोदून खोदून विचारतो, आणि हेच विचारायला लाजतो. मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल तर त्याच्या बायकोला संख्येची मर्यादा नाही. अर्जाची छाननी होईल तेवढाच वेळ. मुलगा नुसता ग्रीन कार्डवाला असेल तर बायकोला रांग आहे. ती रांग कुठवर सरकली, ते तिथले परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन म्हणून पत्रक काढते त्यात पाहायचे. आणि मुलगा एच-१बी व्हिसावर नोकरीला असेल तर मुलगी एच-४ व्हिसावर जाते. तो ग्रीन कार्डाचा व्हिसाच नव्हे. नोकरीच्या मार्गाने कार्ड मिळवायची भारतात जन्मलेल्यांची रांग तर वर्षानुवर्षांची आहे. तिन्ही स्थळे पत्रिकेत "अमेरिकेस असतो" अशीच लिहिलेली असतात, पण मुलीच्या आयुष्याच्या दृष्टीने तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आमचे जावईबापू नागरिक आहेत. लग्न मे २०२४ मध्ये आमच्याच गावी झाले. ते परत गेले, मुलगी माझ्यापाशी राहिली. ती गेली डिसेंबर २०२५ मध्ये. मधले हे दीड वर्ष म्हणजेच आजच्या माझ्या भाषणाचा विषय.

लग्नाच्या आठवड्यातच नोंदणी केली. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. वधूवर, भटजी आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. वऱ्हाड पांगले की साक्षीदार सापडत नाहीत, म्हणून मांडव उतरायच्या आत हे काम उरकून घ्यावे.

पहिला अर्ज नवऱ्याने करायचा असतो, मुलीने नव्हे. त्याला आय-१३० म्हणतात. "ही माझी बायको आहे" असे तो सरकारला त्यात कळवतो. मुलीची माहिती आय-१३०ए या जोडकागदावर जाते. अर्ज मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटर नावाच्या कचेरीकडे जाते, आणि मग मुलीचे काम सुरू होते. तिने डीएस-२६० हा मोठा अर्ज संगणकावर भरायचा, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्ट कचेरीतून मिळणारा पोलिसांचा दाखला, असे सगळे स्कॅन करून चढवायचे. तिकडे नवऱ्याने आय-८६४ हे हमीपत्र द्यायचे. त्यावर मी पुढे बोलणार आहे.

पैशाचेही सांगते, कारण आपल्या बायकांना नेमका आकडा कोणी सांगत नाही. आमच्या वेळी आय-१३० ऑनलाइन भरायला ६२५ डॉलर पडले, कागदावर भरला असता तर ६७५. पुढे व्हिसाची फी ३२५, हमीपत्राच्या तपासणीची १२० आणि कार्डासाठी आणखी २३५. म्हणजे १३०५ डॉलर नुसते सरकारात. डॉक्टरी तपासणी आणि मुंबईच्या खेपा वेगळ्या. फी बदलत असते, म्हणून ज्या पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही आहे अशा तिथल्या सरकारी पानावरच ती पाहावी. आमच्याकडे एक गृहस्थ "आतली ओळख आहे, पन्नास हजारांत लवकर करून देतो" म्हणून आले होते. मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावले. या कामात आतली ओळख नसते. नीट भरलेला कागद हीच ओळख.

आता माझ्या वाट्याला आलेली खरी अडचण सांगते. ती तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरात दडलेली असेल.

माझे माहेरचे नाव सुमन. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने वसुधा असे लिहिले आणि मी वसुधा झाले. पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी. ग्रामपंचायतीत नोंद करायला माझे वडील गेले. त्यांच्या लेखी मी सुमनच. त्यांनी आईच्या नावाच्या जागी सुमन लिहवले. पुढे मुलीच्या शाळेत आणि पासपोर्टात आईचे नाव वसुधा. म्हणजे कागदांच्या हिशेबाने माझ्या मुलीला दोन आया! गावात सगळ्यांना ठाऊक, म्हणून तेवीस वर्षांत याचे कोणाला काही वाटले नाही. पण मुंबईत खिडकीपलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला ते कसे ठाऊक असावे? त्याच्यापुढे माणसे नसतात, कागद असतात.

यजमान म्हणाले, "सोडून दे, एवढे कोण बघतो?" पण माझ्या मनाने घेतले की जिथे बोट ठेवायला जागा आहे तिथे कोणी तरी बोट ठेवणारच. मग आम्ही दोघांनी प्रतिज्ञापत्र केले की सुमन आणि वसुधा ही एकच बाई. पण नुसते आपण म्हणून काय उपयोग? त्याला जुना आधार पाहिजे. म्हणून मी माहेरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. तीस वर्षांनी त्या पायऱ्या चढले. मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढले, आणि त्यात निळ्या शाईत माझे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी होती. त्यांनी माझा सातवीचा दाखला लिहून दिला. घरी ट्रंकेत आमची लग्नपत्रिका सापडली, तिच्यावर चि. सौ. कां. सुमन आणि शेजारी यजमानांचे नाव. या दोन कागदांनी सुमनची वसुधा कशी झाली ते सिद्ध झाले. ज्या सातवीचा मला आजवर संकोच वाटे, तीच सातवी माझ्या लेकीच्या कामी आली.

मराठी कागद होते तेवढ्यांचे इंग्रजी भाषांतर करून घेतले. भाषांतर करणाऱ्याने "मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे" असे लिहून खाली सही करावी लागते. नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, गावाचे नाव ही प्रत्येक कागदाशी ताडून पाहावी. तांदूळ निवडताना आपण खडा सोडतो का? तसेच हे.

एवढ्यावरून मी एक ठरवले. विहीणबाई प्रेमळ आहेत, त्यांच्या मनात सुनेचे नाव बदलायचे होते. मी हात जोडून म्हटले, "ताटात तांदळांवर हवे ते लिहा, पण कागदावर नको." त्यांनी ते मोठ्या मनाने मानले. आज माझ्या मुलीच्या पासपोर्टावर, व्हिशावर आणि कार्डावर एकच नाव आहे, जे मी तिला बारशाला ठेवले ते.

इतकी चौकशी ते लोक का करतात, असा प्रश्न मलाही पडला होता. जावईबापूंनी सांगितले ते सांगते. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या, तेव्हा असले कार्ड नव्हते. पुढे १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या बहुतेक लोकांना तिथे जाऊन वसायला बंदी झाली. १९४६ साली दार किलकिले झाले, ते वर्षाला सुमारे शंभर माणसांपुरते. १९६५ च्या कायद्याने ते खरे उघडले, आणि कुटुंबे एकत्र आणणे हा त्यातला एक मोठा भाग होता. पण दार उघडले तसे खोटी लग्ने लावून शिरणारेही निघाले. म्हणून १९८६ साली नवा कायदा झाला. खोटे लग्न लावल्याचे शाबीत झाले तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. चोरामुळे सावाची झडती होते, त्यातला हा प्रकार.

तेव्हा लग्न खरे आहे हे दाखवावे लागते. आपल्या ठरवून केलेल्या लग्नात मुलामुलीची भेट दोनदा होते आणि तिसऱ्यांदा बोहल्यावर. ते दडवायचे कारण नाही. आहे तसे सांगावे. आम्ही काय ठेवले? पत्रिका, साखरपुड्याचे आणि लग्नाचे फोटो, दोघांच्या फोनच्या नोंदी, जावईबापू दिवाळीला आले त्याची तिकिटे, त्यांनी मुलीच्या खात्यात पाठवलेल्या पैशाच्या पावत्या. फोटो थोडे पण बोलके निवडले: आत्यांसह, काकांसह, पंगतीतले. प्रत्येकामागे तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहिली.

डॉक्टरी तपासणी वाणिज्य दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. छातीचा एक्स-रे, रक्त आणि लशी. लहानपणचे लसीचे कार्ड जपले असेल तर तेही न्यावे. बोटांचे ठसे आणि फोटो यांसाठी एक दिवस वेगळा जातो. मग मुलाखत. ती मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात झाली. नवऱ्याला हजर राहावे लागत नाही. मोबाइल आत नेता येत नाही, आणि आईलाही आत जाता येत नाही. मी बाहेर उभी राहिले. मुलगी मूळ कागदांची फाइल घेऊन एकटीच आत गेली.

तिला उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली. प्रश्न साधेच होते: पहिल्यांदा कुठे भेटलात, नवरा काय काम करतो, घरी कोण कोण असते, लग्नाला त्यांच्याकडून कोण आले होते. आईच्या दोन नावांबद्दलही विचारले! तिने माझा सातवीचा दाखला पुढे केला. पाच मिनिटांत ती बाहेर आली. मी तिला पढवून पाठवले नव्हते. एवढेच सांगितले होते, "माहीत असेल ते सांग, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण." एखादा कागद कमी पडला तर कलम २२१ (जी) चा कागद हाती देतात. त्याने घाबरून जाऊ नये. मागितलेला कागद वर्षाच्या आत द्यावा, पण तो दिल्यावाचून प्रकरण पुढे सरकत नाही.

भगिनींनो, इथवर सगळ्या पायऱ्या झाल्या. आता ज्यासाठी मी खरोखर उभी राहिले ते सांगते.

माझ्या ओळखीतली एक मुलगी अशीच लग्न होऊन गेली. तिचा पासपोर्ट आणि कार्ड नवऱ्याने कपाटात कुलूपबंद ठेवले. भांडण झाले की तो म्हणे, "तुझे कार्ड माझ्यामुळे आहे, एका कागदावर परत पाठवीन." ती बिचारी गप्प बसे, मारही खाई, कारण तिला खरे काय ते ठाऊकच नव्हते. तिच्या आईलाही नव्हते. मी कागद जमवताना विचारून विचारून जे शिकले, ते आधी तिच्या आईला सांगितले. तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगते.

लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत मुलगी तिथे पोहोचली तर पहिले कार्ड दोनच वर्षांचे असते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज करावा लागतो, आणि तो नवराबायकोने मिळून करायचा असतो. ती तारीख चुकू देऊ नये. माझ्या मुलीची तारीख मी देवघरापाशी कॅलेंडरावर तांबड्या शाईने लिहून ठेवली आहे. पण नवऱ्याने सही दिली नाही म्हणजे सगळे संपले असे मात्र नाही. लग्न खरेपणाने केले होते आणि पुढे घटस्फोट झाला, किंवा नवऱ्याने छळ केला, तर मुलीला एकटीने तो अर्ज करता येतो. कार्ड मिळायच्या आधीच छळ सुरू झाला, तर १९९४ च्या कायद्याप्रमाणे तिला नवऱ्याला न विचारता, त्याला न कळू देता स्वतःचा अर्ज करता येतो. एकदा मिळालेले कार्ड नवऱ्याच्या सांगण्यावरून रद्द होत नाही. आणि मारहाण झाली तर पोलिसांचा आकडा ९११, हा पहिल्याच दिवशी पाठ करायचा.

मघाशी ज्या हमीपत्राबद्दल बोलले, त्याचाही अर्थ समजून घ्या. आय-८६४ मध्ये नवरा तिथल्या सरकारला लिहून देतो की हिचा निर्वाह ठरावीक मर्यादेच्या खाली जाऊ देणार नाही. ती मर्यादा म्हणजे तिथल्या सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या रेषेच्या १२५ टक्के. हा शब्द घटस्फोटानेही सुटत नाही. बायको नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या कामाची सुमारे दहा वर्षे भरेपर्यंत साधारणपणे तो बांधलेला असतो. म्हणजे बोहल्यावर दिलेल्या वचनाला तिथे कागदाचे पाठबळ आहे. त्या कागदाची प्रत मुलीपाशी असली पाहिजे.

हे मी जावयांवर अविश्वास म्हणून सांगत नाही. आमचे जावईबापू सज्जन आहेत. हमीपत्राची प्रत त्यांनी स्वतः होऊन मुलीला दिली. पण सज्जनाच्या घरीही दागिन्यांच्या डब्याची किल्ली बायकोकडे असते ना? मग कागदांची का नसावी? नवऱ्याने अर्ज केला हे खरे, पण कार्डावर फोटो मुलीचा, नाव मुलीचे, बोटांचे ठसे मुलीचे. ती कोणाची मेहरबानी नव्हे.

म्हणून ज्यांच्या मुली जाणार आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे. मुलीने प्रत्येक अर्ज स्वतः वाचल्याशिवाय सही करू नये, मग तो नवऱ्याने भरलेला का असेना. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती कराव्यात: एक तिच्यापाशी, एक माहेरी, एक तिच्या स्वतःच्या ईमेलमध्ये, ज्याचा पासवर्ड तिलाच माहीत असेल. डीएस-२६० भरतानाच सोशल सिक्युरिटीचे कार्ड हवे असे कळवावे, म्हणजे तिथे गेल्यावर बँकेत खाते काढायला आणि नोकरीला अडचण पडत नाही. तिथे घर बदलले तर दहा दिवसांत सरकारला नवा पत्ता कळवावा. आणि नागरिक नवऱ्याबरोबर संसार करत कार्ड मिळाल्याला तीन वर्षे झाली की तिला स्वतःला नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, हेही तिला आधीपासून ठाऊक असावे.

आपण मुलीबरोबर मसाले देतो, लोणची देतो, पापड-कुरडया देतो. ते सारे वर्षभरात संपते. मी तिला एक जाड कापडाची पिशवी शिवून दिली, तिच्यात सगळे कागद क्रमाने लावून दिले, आणि प्रत्येक कागद कशासाठी आहे हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. ज्या घरांत आज अशी बोलणी चालली असतील, त्यांनी खुशाल माझ्याकडे यावे. कागदांची यादी माझ्यापाशी आहे, उतरवून घ्यावी. आणि येताना मुलीला बरोबर आणावे. यादी तिनेच उतरवायची आहे.